तांदळाचा चीक, जायफळ आणि कॉफी

मोठ्या शहरांतील दुकानांत दुधाच्या पिशव्यांशेजारी गेल्या काही वर्षांत नवी खोकी येऊन बसली आहेत. कुणात ओट, कुणात बदाम, तर कुणात तांदूळ. यांपैकी तांदळाच्या पेयात दालचिनी आणि कॉफी मिसळून थंडगार पेला पुढे करण्याची रीत कॉफीच्या उपाहारगृहांतून रुजू लागली आहे. नोकरीनिमित्त पुण्याला किंवा हैदराबादला गेलेली जालना जिल्ह्यातील मुले सुटीत गावी परततात, ती या पेयाचे कौतुक घेऊनच. आई ते शांतपणे ऐकून घेते. दिवस उन्हाळ्याचे असतील, तर त्याच वेळी तिच्या गच्चीवर कुरडया वाळत असतात.

आता या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचे, मग वाटून फडक्यातून गाळायचा, वरचे पाणी ओतून देऊन खाली बसलेला चीक शिजवायचा. त्या खोक्यातील तांदळाच्या 'दुधा'ची कृती याहून वेगळी काय आहे? धान्य भिजवणे, वाटणे, गाळणे. कारखान्यात त्यावर विकरांची प्रक्रिया करून पिष्टाची साखर केली जाते, म्हणून वरून साखर न घालताही ते पेय गोड लागते. तेल, मीठ आणि टिकाऊपणाची तजवीज ही पुढची भर. परंतु मूळ काम चिकाचेच. खोक्यावरील घटकांच्या यादीत पहिले नाव असते पाण्याचे. म्हणजे मराठवाड्यातील गृहिणी जे काम दरवर्षी आठ-पंधरा दिवस उन्हात उभे राहून करते, त्याचीच अगदी सोपी आवृत्ती खोक्यात भरून तिला विकली जात आहे. आणि आपल्याला हे येते, ही गोष्ट तिला कुणी सांगितलेली नाही.

'हे सारे आमच्याकडे आधीच होते' असे म्हणून छाती फुगवण्याची सवय मात्र येथे कामाची नाही. ती सवय म्हणजे आळसाचेच एक सोज्वळ रूप होय. दालचिनी घातलेले तांदळाचे गार पेय मेक्सिकोत घरोघरी केले जाते आणि त्याचे श्रेय तेथील घरांना द्यावयासच हवे. त्याचे नाव ओर्चाता. शब्द स्पेनचा, आणि त्याचे मूळ जवाच्या लॅटिन नावाशी जाऊन मिळते. स्पेनमधील वॅलेन्सिया प्रांतात मात्र हे पेय जवाचेही नसते आणि तांदळाचेही नसते. ते केले जाते 'चुफा' नावाच्या एका छोट्या कंदापासून. हा कंद आपल्या नागरमोथ्याच्याच कुळातला. स्पॅनिश लोक अटलांटिक ओलांडून गेले, पेयाची कल्पना त्यांच्याबरोबर गेली, आणि तेथे चुफाची जागा तांदळाने घेतली. तो तांदूळ तरी अमेरिकेचा कोठे होता? तो मूळचा आशियातला, आणि दालचिनी सिंहलद्वीपाची. कॉफी इथिओपियातून येमेनमार्गे जगभर पसरलेली. ज्याला आज परदेशी पेय म्हणून मिरवले जाते, त्याच्या पेल्यात निम्मा माल आपल्या शेजारचाच आहे!

आपल्याकडील परंपरा निराळी, पण शेजारून जाणारी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दुसऱ्या अध्यायात अठ्ठावीस प्रकारच्या यवागू सांगितल्या आहेत. त्यांत धान्यासोबत निरनिराळी औषधी द्रव्ये शिजवून ती दुखण्यानुसार द्यावयाची. मंड, पेया, विलेपी ही नावे धान्य आणि पाणी यांच्या दाटपणावरून पडलेली. कोकणात पेज टिकली, देशावर आंबील. यांपैकी कशातही कॉफी नव्हती हे खरे. परंतु मराठी घराने कॉफीला स्वतःचे एक वळण दिले, ते जायफळाचे. दक्षिणेतील फिल्टर कॉफीत जायफळ पडत नाही. लग्नघरातील पंगतीनंतर, रात्रीच्या भजनानंतर किंवा जागरणाला मिळणारी जायफळ-वेलदोड्याची दाट, गोड कॉफी ही मराठी घराची खूण. तेव्हा तांदळाचा चीक, जायफळ आणि कॉफी यांना एका पातेल्यात आणणे ही परक्याची नक्कल ठरत नाही. ओळखीच्या तीन गोष्टींची ती नवी सोयरीक आहे.

जायफळाचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. सतराव्या शतकात हे फळ केवळ इंडोनेशियातील बांदा बेटांवर पिकत असे आणि त्याचा मक्ता मिळवण्यासाठी डच कंपनीने १६२१ साली त्या बेटांवरील माणसांची भीषण कत्तल केली. पुढे १६६७च्या ब्रेडा येथील तहात इंग्रजांनी तेथील रन नावाच्या चिमुकल्या बेटावरचा हक्क सोडला, तर डचांनी उत्तर अमेरिकेतील मॅनहॅटनवरचा. आज दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा', 'कोकण स्वाद' यांसारखे जायफळाचे वाण दिले आहेत आणि नारळाच्या बागांत आंतरपीक म्हणून ते उभे आहे. ज्यासाठी साम्राज्ये लढली, ते फळ आता कोकणातल्या परसात पडते; जालन्याच्या किराणा दुकानातही ते मिळते.

कॉफीचेही तसेच. भारतीय कॉफीचा मोठा वाटा कर्नाटकातील चिकमगळूर, कोडगू आणि हासन या पट्ट्यातून येतो. आंध्रातील अराकू खोऱ्यात वनवासी शेतकरी ती पिकवतात. बाबाबुदनगिरी, चिकमगळूर, कोडगू, वायनाड आणि अराकू येथील कॉफींना २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. एवढे असून देशात पिकणारी बहुतांश कॉफी निर्यात होते आणि घरी मात्र बाटलीतील झटपट भुकटी येते. स्वदेशीचा विचार करणाऱ्याने ही विसंगती ध्यानी घ्यावयास हवी. निर्यात वाईट नव्हे; पण आपल्या डोंगरात पिकलेल्या कॉफीची चव आपल्याच माणसाला ठाऊक नसावी, हे काही भूषणावह नाही.

आता जालन्याचा प्रश्न. १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झालेला हा जिल्हा ज्वारी, कापूस, सोयाबीन, तूर आणि मोसंबीचा. तांदूळ येथला नव्हे. 'जालना सोने का पालना' ही म्हण येथील बाजारपेठेच्या बळावर रूढ झाली. पाण्याच्या बाबतीत मात्र हा जिल्हा कधीच सुखी नव्हता. २०१२-१३च्या दुष्काळात येथील मोसंबीच्या बागा जळाल्या, गावे टँकरवर आली, जनावरे चारा छावणीत गेली. जनावर उपाशी तेथे दूध कोठले? ज्या मुलखात उन्हाळ्याला घरचे दूध आटते, तेथे बिनदुधाचे पौष्टिक, गार पेय ही चैन नसून सोय आहे. पूर्वी ही सोय ज्वारीची आंबील करीत असे. म्हणूनच तांदळाबरोबर ज्वारीचाही विचार व्हावा. ज्वारी कोरडी खमंग भाजून, भरडून, भिजवून तिचा चीक काढला, तर तो कॉफीशी तांदळापेक्षाही अधिक जुळतो. कारण भाजलेल्या धान्याचा आणि भाजलेल्या बीचा गंध मुळातच एकमेकांच्या जवळचा. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. त्या वर्षीची प्रदर्शने संपली. ज्वारी स्वयंपाकघरात परतली का, हे मात्र ज्याने त्याने आपापल्या घरी पाहावे.

कृती थोडक्यात अशी. एक वाटी जुना तांदूळ, कणी असली तरी चालेल, स्वच्छ धुऊन चार वाट्या पाण्यात बोटभर दालचिनी आणि दोन वेलदोडे घालून भिजत ठेवावा. हिवाळ्यात रात्रभर, उन्हाळ्यात चार तासच. जालन्याच्या वैशाखात त्याहून अधिक ठेवला तर तो आंबू लागतो आणि पेयाऐवजी आंबीलच हाती येते. मग सारे एकत्र बारीक वाटून, धुतलेल्या सुती फडक्यातून गाळून घ्यावे. कॉफीचा अर्क फिल्टरमध्ये दाट काढावा. फिल्टर नसेल तर उकळते पाणी पुडीवर ओतून, झाकून, पाच मिनिटांनी गाळावे. अर्क पुरता निवल्यावर चिकात मिसळावा, चवीपुरता गूळ विरघळवावा आणि सहाणेवर जायफळाचे दोन वेढे उगाळून घालावेत.

गुळाबद्दल थोडे अधिक सांगावयास हवे, कारण येथे घरच्या अनुभवाला शास्त्राचा दुजोरा आहे. गुळाचा चहा फाटतो अशी तक्रार घरोघर असते. गुळातील आंबटपणामुळे दुधातील प्रथिने साकळतात. तांदळाच्या चिकात ती प्रथिने नाहीत, त्यामुळे ही कॉफी गुळाने फाटत नाही. मात्र चीक चुलीवर ठेवताच त्यातील पिष्ट फुगून खळ होते. गरम पेय हवे असेल तर मार्ग दुसरा: तांदूळ गुलाबी भाजावा, सहा वाट्या पाण्यात मऊ शिजवावा, घोटून गाळावा आणि पातळ पेजेत अर्क घालावा. वृद्धांना हेच बरे. कच्च्या चिकाचे पेय थंड ठेवून त्याच दिवशी संपवावे. दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवण्याचा मोह नको.

याचा अर्थ हे पेय दुधाची जागा घेईल असा नव्हे, आणि तसा प्रचार कुणी करू लागल्यास त्याला ठामपणे नकार द्यावा. तांदळाच्या पेयात प्रथिने आणि कॅल्शियम नाममात्र असतात. ब्रिटनच्या अन्न खात्याने २००९मध्ये तांदळातील आर्सेनिकच्या कारणाने साडेचार वर्षांखालील मुलांना दुधाऐवजी असे पेय देऊ नये, असा सल्ला दिला. आपल्याकडे भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१मध्ये वनस्पतिजन्य पेयांच्या विक्रीसाठी 'दूध' या शब्दाचा वापर रोखण्याची पावले उचलली, ती दूध उत्पादकाच्या आणि ग्राहकाच्या अशा दोघांच्याही हिताची होती. 'चीक' किंवा 'पेया' असे नेमके शब्द मराठीत असताना उसना शब्द हवा कशाला? मधुमेह्यांनी गूळ आणि तांदूळ दोन्हींचा हिशेब ठेवावा. रक्तक्षय असलेल्यांनी जेवणाबरोबर कॉफी टाळावी, कारण ती अन्नातील लोह शोषले जाण्यात अडथळा आणते. जायफळाची मात्रा वेढ्यांतच मोजावी, चमच्यांत नव्हे. अधिक झाल्यास ते मादक आणि घातक ठरते. लहान मुलांना कॉफी नकोच. त्यांच्या पेल्यात चीक, गूळ आणि वेलदोडा पुरे.

मुलांवरून आठवण होते ती 'आरोग्यपेयां'ची. पिढ्यानपिढ्या मध्यमवर्गीय आईला सांगितले गेले की, डब्यातील तपकिरी भुकटी दुधात घातल्याखेरीज मुलाची उंची आणि बुद्धी वाढणार नाही. एप्रिल २०२४मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये 'आरोग्यपेय' या वर्गातून काढून टाकण्यास सांगितले. कारण अन्नसुरक्षा कायद्यात अशा नावाचा वर्गच नाही! ज्या शब्दाला कायद्यात आधार नव्हता, त्या शब्दावर घराघरांतील महिन्याचे गणित बसवले गेले. आईचा स्वतःच्या हातावरचा विश्वास डळमळला, की डबा आपोआप विकला जातो. खोक्यातील तांदळाचे पेयही त्याच वाटेने येत आहे. आज ते फार महाग आहे म्हणून जालन्यात पोहोचलेले नाही. उद्या छोट्या पुडीत येईल.

यावर एक रास्त आक्षेप आहे. गृहिणीने आणखी किती करावे? शिक्षिका, परिचारिका किंवा कारकून म्हणून दिवसभर राबून आलेल्या स्त्रीला धान्य वाटून गाळावयास सांगणे आणि त्याला संस्कृतिरक्षण म्हणणे, हा अन्याय आहे. उत्तर सोपे आहे, अंमल तेवढा कठीण. कुरडईचा घाट एकटीने कधीच घातला गेला नाही. सासू, जावा, शेजारणी मिळून तो होत असे. शेजार विरळ झाला, तर ते काम घरातील पुरुषांनी उचलावे. तांदूळ भिजवणे आणि फडके पिळणे यासाठी कोणतीही दीक्षा लागत नाही. दिवसाकाठी दहा घरी दहा कप चहा घेणाऱ्या प्रवासी कार्यकर्त्याने तर हे अवश्य शिकावे. ज्यांच्या घरचा चहा वर्षानुवर्षे प्याला, त्यांना आपल्या घरी बोलावून स्वहस्ते केलेले काहीतरी पुढे ठेवण्याची संधी त्याला मिळेल. शिवाय त्याच्या पित्ताचाही काही प्रमाणात बंदोबस्त होईल, अर्थात त्याने दहाव्या घरी कॉफी दुप्पट घातली नाही तर.

फडक्यात उरलेला तांदळाचा चोथा फेकू नये. त्यातील दालचिनीचे तुकडे वेचून काढावेत, मूठभर ज्वारीचे पीठ, मीठ, जिरे आणि हिरवी मिरची घालून तो सैलसर कालवावा, आणि तव्यावर त्याची धिरडी घालावीत. दालचिनीचा मंद वास त्यांना लागतो, तो मुलांना आवडतो.