बैल विकत आणू नये

पोळा हा बैलांच्या विश्रांतीचा आणि कौतुकाचा सण श्रावण अमावास्येला येतो आणि विदर्भात त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, तान्हा पोळा भरतो. तान्हा पोळा हा लहान मुलांचा पोळा होय. त्यात जिवंत जनावरांऐवजी चाके लावलेले लाकडी बैल असतात, ज्यांना त्या भागात नंदी म्हणतात. मुले हे नंदी सजवून रांगेत उभे करतात, झडत्या, म्हणजे पोळ्यात मोठ्याने म्हटली जाणारी खटकेबाज पद्ये, म्हणतात आणि मग दोरीने नंदी ओढत घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे त्या दिवशी मुलांच्या हातावर ठेवले जाणारे पैसे किंवा खाऊ, गोळा करतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून ही प्रथा चालत आल्याचे सांगितले जाते आणि वर्धा जिल्ह्यातील सिंदी रेल्वे हे गाव आजही तेथील मोठमोठ्या नंदींसाठी ओळखले जाते.

परदेशातील मंडळांच्या कार्यक्रमपत्रिकेत हा दिवस क्वचितच दिसतो, कारण लगोलग गणेशचतुर्थी येते आणि सभागृह, मखर, ढोलपथक व जेवणाची नोंदणी यांत मंडळाची सगळी शक्ती खर्ची पडते. ज्या मंडळांना तो साजरा करावासा वाटेल त्यांच्या मनात साहजिकच पहिला विचार येईल तो भारतातून रंगवलेले तयार बैल मागवण्याचा. या लेखाचे प्रतिपादन असे की तसे करू नये. बैल मुलाने घरातील एखाद्या मोठ्या माणसाच्या सोबतीने, हातहत्यारांनी, स्वतःच्या घरी करावा. आणि त्याचे कारण संस्कृतिरक्षण हे नव्हे. संस्कृतीच्या नावाखाली परदेशातील मुलांकडून इतके काही करवून घेतले जाते की त्यात आणखी एका गोष्टीची भर घालणे हा मुलांवर अन्याय ठरेल.

कारण लाकडातच आहे. कागद, माती आणि प्लास्टिकचे ठोकळे ही बालवर्गात नित्य आढळणारी साधने मुलाच्या इच्छेपुढे बहुधा मान तुकवतात. लाकूड तसे करत नाही. झाडाच्या वाढीच्या दिशेने लाकडात लांबट तंतू असतात आणि लाकूड त्या तंतूंच्या दिशेने सहज फाटते, मात्र त्यांना आडवे तोडायला जोर लागतो. एकाच फळीतून बैलाची आकृती कापायची म्हटली की हा गुणधर्म तत्काळ आडवा येतो. पाठीच्या लांबीच्या दिशेने तंतू ठेवले तर पायांच्या वाट्याला तोकडे तंतू येतात आणि पहिल्या आपटीलाच पाय मोडतो. पायांच्या दिशेने उभे ठेवले तर पाय टिकतात, पण पुढे आलेले नाकाड आणि मागे सुटलेली शेपटी कच्ची राहते. म्हणून शेपटी अंगाला चिकटून खाली उतरलेली ठेवावी लागते, मान जाड ठेवावी लागते, शिंगे वेगळ्या तुकड्यांची करून बसवावी लागतात आणि पाय खालच्या पाटावर चिकटवून त्या पाटाला चाके लावावी लागतात. नंदी पाटावर का उभा असतो, याचे एक उत्तर करवत चालवता चालवता सात-आठ वर्षांच्या मुलालाही सापडते, आणि ते कोणी सांगून सापडलेले नसते.

चाकांचेही तसेच. गोल काठीचे काप करून त्यांना मधोमध भोक पाडणे हे ऐकायला सोपे काम आहे, परंतु हाताने फिरवायच्या गिरमिटाने नेमका मध्य साधणे प्रौढालाही कठीण जाते. भोक मध्यापासून दोन मिलिमीटर सरकले तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात बैल चार मिलिमीटर वर-खाली होतो. पुढच्या दोन्ही चाकांत ही चूक एकाच बाजूला आली तर बैल मान हलवत चालल्यासारखा दिसतो, आणि उलटसुलट आली तर लंगडतो. आस, म्हणजे चाके जिच्यावर बसतात ती काठी, पाटाला पक्की करून चाके मोकळी ठेवायची, की चाके आसेला चिकटवून आस पाटाखाली सैल फिरू द्यायची, हाही निर्णय घ्यावा लागतो. दुसऱ्या पद्धतीत वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असूनही ते आतल्या चाकाइतकेच फिरते, त्यामुळे एक चाक घसरते आणि गुळगुळीत फरशीवर ते डोळ्यांना दिसते. शाळेतील यंत्रशास्त्राच्या धड्यात हे सगळे पुढे केव्हातरी येतेच. परंतु तेथे चूक लाल शाईने दाखवली जाते, येथे बैलच ती दाखवतो.

मुलाच्या शिक्षणात लाकूडकामाला स्थान देण्याचा विचार नवा नाही. फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस यांच्या प्रयत्नांतून १८६६ साली हस्तव्यवसाय प्राथमिक शिक्षणाचा भाग झाला, आणि स्वीडनमधील नेस येथे ओटो सॅलोमन यांनी १८७०च्या दशकापासून शिक्षकांना ‘स्लॉइड’ या पद्धतीचे प्रशिक्षण दिले. या पद्धतीत मूल चाकूपासून सुरुवात करून सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या वस्तूंची मालिका करते आणि प्रत्येक वस्तू एकट्याने, अथपासून इतिपर्यंत पूर्ण करते. सुतार घडवणे हा तिचा हेतू नव्हता, हे सॅलोमन यांनी आग्रहाने मांडले होते. त्या देशांत हस्तकौशल्य हा विषय आजही शाळेत सक्तीचा आहे, त्यामुळे स्टॉकहोम किंवा हेलसिंकी येथील मराठी घरातील मुलाला कानस कशी धरायची हे आईवडिलांपेक्षा अधिक ठाऊक असण्याचा संभव आहे. अमेरिकेतील बहुसंख्य मुलांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही.

महाराष्ट्रात हा विचार तान्ह्या पोळ्याच्याच मुलखात मांडला गेला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम, म्हणजे उत्पादक हस्तव्यवसायाच्या माध्यमातून द्यावयाचे शिक्षण, ही कल्पना पुढे ठेवली आणि झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा अभ्यासक्रम तयार केला. ती योजना देशभर रुजली नाही याची कारणे अनेक आहेत, पण त्यांतील एक मराठी वाचकाला जवळचे आहे. बलुतेदारीच्या व्यवस्थेत, ज्यात गावाची कामे जातीनिहाय वाटून दिलेली होती, वाकस, पटाशी आणि रांधा ही हत्यारे सुताराच्या घरची मानली गेली. ज्या घरांत पाटी-पुस्तक परंपरेने होते तेथे ती आली नाहीत, आणि ज्यांच्या घरी ती होती त्यांना आपल्या मुलांची त्यांतून सुटका हवी होती. परदेशात स्थायिक झालेल्या मराठी समाजात पाटी-पुस्तकवाल्या घरांचा भरणा मोठा आहे हे मान्य करायला हरकत नसावी. या घरांत यंत्रांचे आराखडे करणारे अभियंते मुबलक असतात, परंतु भिंतीला खुंटी ठोकायची झाली तर माणूस बोलावण्याची सवय समुद्र ओलांडूनही सुटलेली नसते. घरच्या करवतीने जातिव्यवस्था हलत नाही, हे उघड आहे. तरीही आईवडिलांच्या हातात हत्यार पाहिलेल्या मुलाच्या मनात हाताचे काम दुसऱ्या कोणाचे असते ही समजूत सहजासहजी घर करणार नाही, एवढे तरी घडते.

येथे एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. सावंतवाडीची चितारआळी, जेथे चितारी कारागीर पिढ्यानपिढ्या लाकडी फळे, खेळणी आणि गंजिफा रंगवत आले आहेत, किंवा कर्नाटकातील चन्नपट्टण, जेथे कातावर वेगाने फिरणाऱ्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी लावून घर्षणाच्या उष्णतेने लाख चढवली जाते, यांची उपजीविका विक्रीवर आहे. घरोघरी खेळणी होऊ लागली तर त्यांचे काय? या आक्षेपात एक गृहीतक दडलेले आहे, ते असे की घरचे ओबडधोबड खेळणे आणि कारागिराचे खेळणे एकाच गिऱ्हाइकासाठी झगडतात. वास्तविक स्पर्धा आहे ती कारागिराचे खेळणे आणि साच्यातून निघालेले स्वस्त खेळणे यांच्यात, आणि ज्याने कधी लाकूड घासलेले नाही त्याला या दोहोंतील किमतीचा फरक निव्वळ महागाई वाटतो. मंडळाने सावंतवाडीची खेळणी जरूर मागवावीत, दिवाळीच्या बाजारात पूर्ण किमतीला विकावीत. तान्ह्या पोळ्याला मात्र नको.

सुरक्षिततेचा प्रश्न आईवडील सर्वांत आधी विचारतात आणि तो योग्यच आहे, मात्र त्यांची भीती बहुधा चुकीच्या जागी असते. करवतीने होणारी इजा मुख्यतः लाकूड धरलेल्या हाताला होते. लाकूड शिकंज्यात, म्हणजे टेबलाला आवळून धरणाऱ्या साधनात, घट्ट बसवले आणि मुलाचे दोन्ही हात करवतीच्या मुठीवर ठेवले की तो धोका पुष्कळ कमी होतो. खरी काळजी घ्यायची ती लाकूड आणि रंग निवडताना. परसातील जुन्या ओट्याच्या फळ्या वापरू नयेत, कारण अमेरिकेत २००३ पर्यंत अशा घरगुती लाकडावर आर्सेनिकयुक्त रसायनाची प्रक्रिया सर्रास होत असे. मालवाहतुकीच्या फळ्यांवर ‘एमबी’ असा शिक्का असेल तर त्यांना मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेला असतो, म्हणून त्याही वर्ज्य. साधे, प्रक्रिया न केलेले पाइन किंवा बासवुड पुरते. पांगाऱ्यासारखे हलके लाकूड परदेशात मिळणे कठीण आहे. तीन वर्षांखालील भावंड घरात असेल तर सुटून येणारा कोणताही भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात मावता कामा नये, हा खेळण्यांच्या सुरक्षा-मानकांतील निकष शिंगांना आणि चाकांना लावून पाहावा. रंगाऐवजी जवसाचे तेल लावले तर ते पुसलेली फडकी गोळा करून टाकू नयेत, पसरून वाळवावीत, कारण हे तेल वाळताना उष्णता सोडते आणि दाबून ठेवलेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात.

मंडळाकडून अपेक्षा मोठ्या खर्चाची नाही. अर्धा डझन शिकंजे, तितक्याच पातळ पात्याच्या करवती, दोन गिरमिटे, कानशी आणि ८०, १२० व २२० क्रमांकांचा पॉलिश पेपर एवढी सामग्री एका पेटीत मावते, आणि मंडळाच्या ग्रंथालयातील पुस्तकांप्रमाणे ती पेटी घरोघरी फिरवता येते. उत्तर गोलार्धातील बहुतेक शाळांची उन्हाळी सुट्टी पोळ्याच्या आधी येत असल्याने वेळेची सबब टिकत नाही. बक्षीस मात्र ठेवू नये. सजावटीच्या स्पर्धेत जिंकतो तो सर्वांत खर्चिक नंदी, आणि स्पर्धा जाहीर झाली की आदल्या रात्री वडील करवत स्वतःच्या हाती घेतात. त्याऐवजी प्रत्येक मुलाने आपला बैल सभागृहाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरीने ओढत न्यावा, वाटेत चाक निघाले तर तेथेच बसून ते पुन्हा लावावे, आणि बोजारा सर्वांना सारखा मिळावा.