बंदर हिरवं, डोंगर बोडका



तुम्ही म्हणाल, सोलापूरच्या माळावरची ही पारधी पोरं समुद्राबद्दल काय सांगणार? आमच्यातल्या पुष्कळांनी समुद्र पाहिलेलाही नाही, हे खरं आहे. पण ‘पर्यावरण’ हा शब्द आम्ही जवळून पाहिला आहे. आणि आता तो शब्द वाढवणच्या बंदराला लावलाय, म्हणून लिहितो.

1979 साली सरकारनं सोलापूर-नगर भागात माळढोक अभयारण्य जाहीर केलं. कागदावर 8 हजार चौरस किलोमीटरहून जास्त. त्यात गावं आली, शेतं आली, बाजारपेठा आल्या. आमच्या कपाळावर तर इंग्रजांच्या 1871 च्या कायद्यापासून शिक्का होताच. याच सोलापुरात तारेच्या कुंपणात आमच्या लोकांना कोंडलं होतं, तो कायदा गेला 1952 ला. मग नवा शिक्का बसला, जंगलाचे दुश्मन. पुढं अभयारण्याची हद्द कमी करून बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणली. आणि माळढोक? आज नान्नजला एखादा दिसला तरी पेपरात बातमी येते. म्हणजे माणसाला आडवलं, पण पक्षी काही वाचला नाही.

आता दुसरी बाजू बघा. पालघर जिल्ह्यातला डहाणू तालुका. 20 जून 1991 ला केंद्र सरकारनंच तो पर्यावरणाच्या दृष्टीनं नाजूक म्हणून जाहीर केला. सुप्रीम कोर्टाच्या हुकमानं 1996 ला तिथं प्राधिकरण बसलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष. 1998 ला या प्राधिकरणानं निकाल दिला की वाढवणला बंदर बसत नाही. विषय तिथंच संपायला पाहिजे होता.

पण संपला नाही. बंदर तेच, किनारा तोच, लोक तेच. मग बदललं काय? 2020 ला सरकारनं ठरवलं की बंदर हा ‘उद्योग’च नाही! प्रदूषणाच्या यादीत बंदराचा डबाच बदलला. जुलै 2023 ला त्याच प्राधिकरणानं, तेव्हा धर्माधिकारी साहेब हयात नव्हते, हिरवा कंदील दाखवला. एप्रिल 2024 ला मुंबई हायकोर्टानं विरोधातले अर्ज फेटाळले, भांडण सुप्रीम कोर्टात गेलं. तिथला निकाल यायच्या आत जूनमध्ये दिल्लीनं 76 हजार 220 कोटी मंजूर केले आणि 30 ऑगस्टला पायाभरणी उरकली.

आम्ही विचारतो, गरिबाच्या सरपणाच्या मोळीला जो कायदा लोखंडासारखा असतो, तो बंदराला मेणासारखा कसा होतो?

आता सांगतात, हे ‘हरित बंदर’ होणार. हरित म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. धक्क्याला लागलेल्या जहाजानं स्वतःचं डिझेल इंजिन चालू ठेवायचं नाही, किनाऱ्यावरून वीज घ्यायची. क्रेन आणि गाड्या विजेवर चालवायच्या. सौर ऊर्जा वापरायची. जहाजातलं तेलकट पाणी समुद्रात न सोडता गोळा करायचं. या गोष्टी वाईट आहेत असं आम्ही म्हणत नाही. बंदरातल्या हमालाच्या आणि ड्रायव्हरच्या छातीत कमी धूर गेला तर चांगलंच आहे. मग आधी जी बंदरं चालू आहेत तिथं ते पूर्ण करा. त्यासाठी नवा समुद्र कशाला बुजवायचा?

आणि हिशोबाची मेख बघा. केंद्राच्या हरित बंदराच्या धोरणात लक्ष्य आहे की दर टन मालामागचा कार्बन 2030 पर्यंत 30 टक्के आणि 2047 पर्यंत 70 टक्के कमी करायचा. दर टनामागं! समजा आज 100 पोती मालामागं 100 घागरी धूर निघतो. उद्या दर पोत्यामागं धूर 30 टक्के कमी केला, पण पोती 300 झाली. तर धूर किती? 210 घागरी. कागदावर धूर कमी झाला, आभाळात दुपटीच्या वर गेला. वाढवणची क्षमता सांगतात वर्षाला 29 कोटी 80 लाख टन. आता तुम्हीच हिशोब करा.

दुसरी मेख अजून मोठी. हा हिशोब बंदराच्या फाटकाशी सुरू होतो. फाटकाबाहेरचं त्यात येत नाही. बंदरासाठी समुद्रात 1448 हेक्टर भराव घालायचा, म्हणजे साडेतीन हजार एकराच्या वर. दमणपुढच्या समुद्राच्या तळातली वाळू उपसायची. लाटा आडवायला दहा किलोमीटरहून लांब दगडी बांध घालायचा. तो दगड काही आभाळातून पडत नाही. तो पालघर-डहाणूच्या डोंगरातनं येणार. वारल्यांच्या, कोकण्यांच्या, कातकऱ्यांच्या पाड्यामागचा डोंगर. सुरुंग लागणार, झरा आटणार, डंपरची धूळ भातावर बसणार. वरोरपासून तवा फाट्यापर्यंत सुमारे 32 किलोमीटरचा रस्ता जाणार, शिवाय रेल्वे.

सरकार म्हणतं, बंदर समुद्रात आहे, एकही गाव उठणार नाही. मांगेला-कोळी भावांना विचारा, समुद्र कुणाचं गाव आहे ते. घोळ, बोंबील, पापलेट जिथं अंडी घालतात ते त्यांचं शेत आहे. शेत बुजवून ‘घर तर ठेवलंय’ म्हणणं हा कुठला न्याय?

कुणी पोरगं म्हणेल, नोकरी तर मिळेल. दहा लाख रोजगार म्हणतात. आपल्या पोरांना काम पाहिजे, ही गोष्ट खरी आहे, तिला हसू नये. पण आधी उरणला जाऊन बघा. न्हावा-शेवा बंदर 1989 ला सुरू झालं. त्यासाठी उठवलेला हनुमान कोळीवाडा वाळवीनं पोखरलेल्या घरांत वर्षानुवर्षं राहिला आणि चांगल्या जागेसाठी भांडत राहिला. तिथल्या मच्छीमारांच्या 1630 कुटुंबांना 95 कोटींच्या वर भरपाई द्या, असा निकाल हरित लवादाला 2015 ला द्यावा लागला. बंदर सुरू होऊन सव्वीस वर्षांनी. ज्यांचं गेलं त्यांनी इतकी वर्षं खायचं काय?

आमच्या मते खरं हरित बंदर ओळखायच्या तीन खुणा आहेत. एक, हिशोब डोंगराच्या खाणीपासून जहाजापर्यंत करा, आणि दर टनाचा नको, एकूण करा. दोन, चालू बंदरांनी आधी आपला धूर, गाळ आणि बुजवलेल्या खाड्या नीट कराव्यात, जुनी भरपाई चुकती करावी. तीन, ज्याच्या दारात बंदर येणार त्याला आधी विचारा, आणि तो ‘नाही’ म्हणाला तर ते ‘नाही’च धरा. तिसरी खूण नसेल तर बाकी सगळा नुसता हिरवा रंग.

भावांनो, आम्ही सोलापूरचे लोक पाचव्या अनुसूचीत येत नाही. आम्हाला पेसा नाही. आमच्या वस्तीवर बुलडोझर आला तर आमच्या हातात वनहक्काच्या दाव्याची पोच आणि मोर्चा, एवढंच असतं. तुमच्याकडं पेसा आहे, 1996 चा कायदा, महाराष्ट्राचे नियम 2014 चे. दगड हे गौण खनिज आहे. त्याचा खाणपट्टा देण्याआधी ग्रामसभेची शिफारस लागते. जमीन संपादनाआधी ग्रामसभेशी सल्लामसलत लागते. वनहक्क कायदा 2006, कलम 5 नं जंगल आणि पाणी राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे.

म्हणून दगडाचा पहिला डंपर यायच्या आधी ग्रामसभा घ्या. बायांना पुढं बसवा, पाणी त्याच भरतात. डोंगराचं नाव, झऱ्याचं नाव, देवाची जागा, गुरचरण, सगळं ठरावात लिहा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. ठरावाची पोच घ्या आणि एक नकल गावात ठेवा.

आमच्याकडं नाही ते हत्यार तुमच्या हातात आहे. ते गंजू देऊ नका.

जोहार! जिंदाबाद!