आरोपी कोण, हे सत्ता ठरवते!

कायद्यापुढे सारे समान, असे पुस्तकात लिहिलेले असते. पण खटला कोणावर भरायचा, हे सत्ता ठरवते. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचेच पाहा. सुदानमधील दारफुर (२००५) आणि लिबिया (२०११) ही प्रकरणे सुरक्षा परिषदेने तिथे पाठवली. सीरियाचे प्रकरण २०१४ मध्ये रशिया व चीनने नकाराधिकार वापरून अडवले. अफगाणिस्तानच्या तपासात २०२१ साली मुख्य अभियोक्त्याने तालिबान आणि इस्लामिक स्टेटवर भर दिला, अमेरिकी सैन्यावरील आरोप मागे पडले. कारण काय, तर साधने अपुरी! २०२४ मध्ये नेतान्याहूंवर वॉरंट निघताच २०२५ मध्ये अमेरिकेने अभियोक्त्यावरच निर्बंध लादले.

हेग दूर आहे, असे आम्ही मारुंजीकरांनी समजू नये. १ जानेवारी २०१८ रोजी भीमा कोरेगावला अभिवादनासाठी गेलेल्या आमच्या बांधवांवर हल्ला झाला. लगेच आमच्या पिंपरी पोलीस ठाण्यात एका भगिनीने मिलिंद एकबोटे आणि संभाजी भिडे यांच्याविरुद्ध फिर्याद दिली. त्यात ॲट्रॉसिटीची कलमेही लागली. एकबोटेंच्या अटकेला १४ मार्च उजाडला, तोही सर्वोच्च न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारल्यावर. भिडेंना अटक झालीच नाही. ८ जानेवारीला पुण्याच्या विश्रामबाग ठाण्यात एल्गार परिषदेविरुद्ध दुसरी फिर्याद झाली. तिला मात्र यूएपीए लागला आणि १६ जण गजाआड गेले! जानेवारी २०२० मध्ये नव्या राज्य सरकारने आढावा घेताच केंद्राने तपास एनआयएकडे नेला. डॉ. आनंद तेलतुंबडे यांना स्वाधीन व्हावे लागले तो दिवस होता १४ एप्रिल, भीमजयंतीचा! फादर स्टॅन स्वामींचा ५ जुलै २०२१ रोजी कोठडीतच मृत्यू झाला.

दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. पण न्यायालयापुढे कोणाला उभे करायचे, हे न्यायाधीश ठरवत नाहीत. पोलीस ठरवतात, आणि पुढे खटला चालवणारा वकील सरकार नेमते. म्हणून निकालानंतर मोर्चा काढून भागणार नाही. लढाई फिर्यादीच्या दिवसापासून लढावी लागेल. ॲट्रॉसिटी नियम ४(५) नुसार पीडिताने इच्छा व्यक्त केल्यास जिल्हा दंडाधिकारी नामवंत ज्येष्ठ वकील नेमू शकतात. कलम १५-अ नुसार आरोपीच्या जामिनापासून शिक्षेपर्यंत पीडिताला आपले म्हणणे मांडता येते. हे हक्क किती वस्त्यांना ठाऊक आहेत?

हेगमधल्या पीडितांपाशी सुरक्षा परिषदेतले मत नाही. आमच्यापाशी निदान बाबासाहेबांनी दिलेले मत आहे. ते विकायचे की वापरायचे, याचा निर्णय समाजाने करावा. जयभीम!