पेढीवरून पार्लमेंटात

लोहारा या नावाची गावे महाराष्ट्रात एकाहून अधिक आहेत. धाराशिव जिल्ह्यातील, तालुक्याचे ठाणे असलेले लोहारा मराठवाड्याच्या परिचयाचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात याच परिसरातील सास्तूरसारखी गावे जमीनदोस्त झाली. दुसरे लोहारा चंद्रपूर जिल्ह्यातले. त्याच्या नावातच नव्हे, तर डोंगरातही लोखंड आहे. १८८२ मध्ये एका जर्मन तज्ज्ञाने चांदा जिल्ह्यातील लोहखनिजाविषयी लिहिलेला अहवाल जमशेटजी टाटा यांच्या वाचनात आला. लोहाऱ्याचे खनिज आणि जवळच्या वरोऱ्याचा कोळसा एकत्र आणता आला तर या देशात पोलाद तयार होईल, ही कल्पना तेथून त्यांच्या मनात रुजली. सरकारच्या जाचक अटींमुळे ती जवळजवळ दोन दशके अडून राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी शोधाला पुन्हा चालना मिळाली, तेव्हा अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ वेल्ड आणि जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी यांच्याबरोबर बैलगाड्यांतून चांद्याची जंगले तुडवणारा आणखी एक तरुण होता. जमशेटजींच्या सख्ख्या बहिणीचा हा मुलगा म्हणजे शापुरजी सकलातवाला.

चांद्याच्या लोखंडाला साजेसा कोळसा न मिळाल्याने तो शोध पूर्वेकडे सरकला आणि पुढे जमशेदपूर उभे राहिले, हा इतिहास शालेय पुस्तकांतून येतो. त्या शोधात घाम गाळणारा हा भाचा अठरा वर्षांनी ब्रिटिश पार्लमेंटात कामगारांचा प्रतिनिधी म्हणून बसला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. उद्योगपती, व्यापारी, कंत्राटदार आणि कारखानदार यांची पावले आज ग्रामपंचायतीपासून संसदेपर्यंत सर्वत्र वळत असताना या विस्मृत चरित्राकडे पुन्हा पाहणे अगत्याचे आहे.

तीन पारशी, तीन पक्ष

भारतात स्वराज्याची वार्ताही नव्हती अशा काळात ब्रिटिश लोकांनी तीन भारतीयांना आपल्या पार्लमेंटात निवडून दिले. तिघेही पारशी आणि तिघांचेही सार्वजनिक जीवन मुंबईत घडलेले. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लिबरल पक्षातर्फे बोटांवर मोजण्याइतक्या मताधिक्याने निवडून आले. मंचेरजी भावनगरी १८९५ मध्ये काँझर्व्हेटिव्ह पक्षातर्फे विजयी झाले आणि १९०६ पर्यंत टिकले. सकलातवाला १९२२ मध्ये मजूर पक्षाच्या पाठिंब्याने आणि १९२४ मध्ये कम्युनिस्ट म्हणून निवडले गेले. जात एक, शहर एक, पण राजकारण तीन दिशांचे! जन्म आणि जात यांवरून माणसाचे राजकारण ओळखू पाहणाऱ्यांना एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

यांपैकी दादाभाईही पेढीच्या वाटेनेच लंडनला गेले होते. १८५५ मध्ये ते कामा आणि कंपनीचे भागीदार म्हणून विलायतेत उतरले आणि १८५९ मध्ये त्यांनी स्वतःची कापसाची पेढी काढली. व्यापाऱ्याची नजर आणि जमाखर्चाची सवय त्यांनी राजकारणात आणली. साम्राज्याच्या उपकारांची स्तुतिस्तोत्रे गायली जात असताना त्यांनी साम्राज्याचा ताळेबंद मांडला. भारतीय माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न वीस रुपयांच्या आसपास आहे आणि देशाची संपत्ती दरवर्षी परतफेडीवाचून बाहेर वाहून जात आहे, हे त्यांनी आकड्यांनी दाखविले. व्यापारी राजकारणात आला म्हणजे अनर्थच होतो असे नाही. आपले हिशेबाचे ज्ञान तो कोणासाठी वापरतो, यावर सारे अवलंबून असते.

घराण्याशी फारकत

सकलातवालांची कथा याहून अधिक अवघड आहे. २८ मार्च १८७४ रोजी मुंबईत जन्मलेल्या शापुरजींचे शिक्षण सेंट झेवियर्समध्ये झाले. १८९६ च्या प्लेगमध्ये सेवाकार्य करताना त्यांनी मुंबईच्या गरीब वस्त्या आतून पाहिल्या. खनिजाच्या शोधातील रानोमाळ भटकंतीत हिवतापाने प्रकृती खालावली, आणि १९०५ मध्ये ते टाटांच्या कामासाठी व प्रकृतीच्या कारणासाठी इंग्लंडला गेले. तेथे सॅली मार्श या कष्टकरी कुटुंबातील मुलीशी त्यांनी १९०७ मध्ये विवाह केला. श्रीमंत भारतीयाला शोभेल असे लिबरल क्लबातील राजकारण त्यांना रुचले नाही. १९०९ मध्ये ते इंडिपेंडंट लेबर पार्टीत आणि १९२१ मध्ये कम्युनिस्ट पक्षात गेले.

लंडनच्या उत्तर बॅटर्सी या कामगार वस्तीने नोव्हेंबर १९२२ मध्ये त्यांना निवडून दिले. त्या निवडणुकीची व्यवस्था पाहणारे जॉन आर्चर हे १९१३ मध्ये त्याच बॅटर्सीचे महापौर झालेले कृष्णवर्णीय नेते होते. १९२३ मध्ये सकलातवाला १८६ मतांनी पडले आणि १९२४ मध्ये ५४२ मतांनी पुन्हा निवडून आले. इतक्या निसटत्या अंतरावर ज्याचे आसन अवलंबून आहे असा माणूस सहसा तोंड सांभाळून बोलतो. सकलातवालांनी तसे केले नाही. बंगालच्या ताग गिरण्यांत मजुराला तुटपुंज्या वेतनावर राबवणारे ब्रिटिश भांडवलच स्कॉटलंडमधील डंडीच्या ताग कामगाराला बेकार करते; म्हणून भारतीय मजुराचे हित आणि ब्रिटिश मजुराचे हित वेगळे नाही, हा मुद्दा ते सातत्याने मांडत राहिले. ज्यांच्या मतांवर ते निवडून आले त्यांना साम्राज्याचा अभिमान सोडायला सांगणे सोपे नव्हते.

या साऱ्या काळात ते टाटांच्या लंडन कचेरीत नोकरीलाही होते. एकीकडे भांडवलशाहीवर प्रहार आणि दुसरीकडे देशातील सर्वांत मोठ्या उद्योगसमूहाचा पगार, ही विसंगती विरोधकांच्या लक्षात येणे स्वाभाविक होते. १९२५ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. त्याच वर्षी अमेरिकेने त्यांना प्रवेश नाकारला. १ मे १९२६ रोजी, सार्वत्रिक संपाच्या तोंडावर, हाइड पार्कमध्ये केलेल्या भाषणाबद्दल त्यांना अटक झाली. चांगल्या वर्तणुकीची हमी दिली असती तर सुटका होती. ती न देता त्यांनी दोन महिन्यांचा तुरुंगवास पत्करला. १९२७ च्या आरंभी ते भारतात आले. गांधीजींच्या चरख्यावर आणि कामगार संघटनेविषयीच्या धोरणावर त्यांनी उघड पत्रांतून टीका केली. गांधीजींनी त्यांच्या तळमळीविषयी शंका घेतली नाही आणि त्यांचे म्हणणेही मान्य केले नाही. दोन भिन्न मतांच्या माणसांनी सभ्यपणे वाद कसा घालावा याचा तो नमुना आहे. त्यानंतर सकलातवालांना मायदेशाचे दरवाजे बंद झाले. १९२९ मध्ये आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारनेही ते उघडले नाहीत.

दोषही तेवढेच ठळक

या चरित्राचा गौरव करताना त्याच्या मर्यादा झाकणे योग्य होणार नाही. साम्राज्याच्या दाव्यांची कठोर तपासणी करणाऱ्या या माणसाने सोव्हिएत राजवटीच्या दाव्यांना तशी कसोटी लावली नाही. १९३४ मध्ये सोव्हिएत मध्य आशियाचा दौरा करून आल्यावर ते तेथील प्रगतीचे गुणगान करीत राहिले. तेथील दुष्काळ आणि दडपशाही त्यांच्या हिशेबात आली नाही. मजूर पक्षाशी उभा दावा मांडण्याचे पक्षाचे धोरण त्यांनी शिरोधार्य मानले आणि १९२९ मध्ये बॅटर्सीची जागा गमावली. ज्या पक्षासाठी त्यांनी एवढे सोसले, त्याच पक्षाने मुलांचा नवजोत विधी केल्याबद्दल १९२७ मध्ये त्यांना जाहीर समज दिली होती. १६ जानेवारी १९३६ रोजी लंडनमध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या अस्थी ब्रुकवुडच्या दफनभूमीत, टाटा कुटुंबीयांच्या समाधींशेजारी विसावल्या. आयुष्यभराच्या मतभेदानंतर मामा-भाच्यांची घराणी तेथे पुन्हा एकत्र आली.

‘आपला माणूस’ म्हणजे कोणाचा?

२४ ऑक्टोबर २०२२ रोजी, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, ऋषी सुनक यांची ब्रिटनच्या सत्ताधारी पक्षाच्या नेतेपदी निवड झाली आणि दुसऱ्या दिवशी ते पंतप्रधान झाले. वित्तव्यवसायातून राजकारणात आलेल्या या गृहस्थांच्या यशाने भारतात जणू आपल्याच घरचे कार्य असावे असा आनंद पसरला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रिटिश मतदार मात्र वेगळाच प्रश्न विचारीत होते. देशाचा अर्थमंत्री जनतेवर कर बसवतो आणि त्याची पत्नी परदेशातील मोठ्या उत्पन्नावर ब्रिटनमध्ये कर भरत नाही, हे न्याय्य आहे काय? ती सवलत कायदेशीर होती. तरीही लोकमतापुढे नमून ती सोडून द्यावी लागली. जुलै २०२४ मध्ये मतदारांनी सुनक यांच्या पक्षाला सत्तेवरूनही दूर केले. आपण माणसाचे गोत्र पाहत होतो. तेथील मतदार त्याचा जमाखर्च पाहत होता.

हा फरक आपल्या राजकारणाच्या मुळाशी जातो. धनवंताने निवडणूक लढवू नये असे लोकशाहीत कोणी म्हणणार नाही. तो त्याचा हक्क आहे. मात्र त्याच्या हितसंबंधांवर प्रकाश असला पाहिजे, आणि तो पाडणारी साधने आपल्याकडे अगदीच नाहीत असे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निर्णयांनंतर उमेदवाराला मालमत्तेचे व गुन्ह्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला चाळीस लाखांची खर्चमर्यादा आहे. सरकारशी ज्याचे कंत्राट चालू आहे, त्याला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ९-अ नुसार संसद वा विधिमंडळाच्या निवडणुकीसाठी अपात्र ठरवता येते. देणगीदाराचे नाव मतदारापासून लपविणारी निवडणूक रोख्यांची योजना १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविली. पण कायद्याला कंत्राटावरचे नाव दिसते. भाऊ, मेहुणा वा विश्वासू कार्यकर्ता यांच्या नावामागचा खरा मालक दिसत नाही. तो गावाला मात्र पक्का ठाऊक असतो. प्रतिज्ञापत्र जाहीर होते, पण ते मतदानापूर्वी वाचणारे किती निघतात?

ज्या वर्षी बॅटर्सीचे कामगार एका मुंबईकराला निवडून देत होते, त्या वर्षी लोहाऱ्याचा शेतकरी निजामाचा प्रजाजन होता. राज्यकर्ता निवडण्याचा वा बदलण्याचा कोणताही हक्क त्याला नव्हता. तो हक्क मिळविण्यासाठी मराठवाड्याला १९४८ पर्यंत झगडावे लागले आणि प्रत्यक्ष मतपेटीपर्यंत पोचायला स्वतंत्र भारताची पहिली निवडणूक यावी लागली. इतक्या सायासाने आलेले मत ‘आपला माणूस’ एवढ्या एका शब्दावर देऊन टाकावे, ही त्या लढ्याशी प्रतारणा होईल.

लोहाऱ्याच्या नगर पंचायतीपासून दिल्लीपर्यंत पेढी, कारखाना किंवा कंत्राटाच्या वाटेने येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला दोन प्रश्न विचारता येतील. सार्वजनिक जीवनात आल्यावर त्याने आपल्या धंद्यातील काय सोडले? आणि सभागृहात त्याने स्वतःच्या हिताविरुद्ध जाणारा, पण मतदाराच्या हिताचा असा एक तरी प्रश्न मांडला काय? सकलातवालांची मते पटोत वा न पटोत, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यांच्या आयुष्यात सापडतात. हे प्रश्न विचारायला पैसा लागत नाही. गावात प्रतिज्ञापत्र वाचू शकणारे आणि वाचून दाखवू शकणारे शिक्षक, कारकून, विद्यार्थी आहेत. निवडणुकीच्या आधी चावडीवर ते एकदा मोठ्याने वाचले गेले, तरी पुष्कळ ‘आपल्या माणसां’चे खरे मालक कोण, हे आपोआप उघड होईल.