कच्चे कोण?

‘कच्चे’ हा शब्द आपल्या सुशिक्षित समाजात किती बेफिकिरीने वापरला जातो, याचा अनुभव आम्हांस मेडशी येथे आला. अकोला-वाशीम रस्त्यावरील या गावी आम्ही आपल्या हातांनी मातीच्या भिंती उभारल्या आणि त्यांस मातीचाच गिलावा देण्याचा मनोदय बोलून दाखविला. लगेच हितचिंतकांचा उपदेश सुरू झाला : “आता वरून सिमेंट फिरवा, म्हणजे घर पक्के होईल!” हा उपदेश प्रेमाचा असला तरी अज्ञानाचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचे कवच चढविले की जोत्यातून चढलेली ओल आतच कोंडते. वरून सारे ठाकठीक दिसते, आणि आत भिंत मऊ पडत जाते. पुढे पोपडे सुटले की दोष मात्र मातीच्या माथी!

तथापि कोणतीही माती थापली की गिलावा झाला, असेही नव्हे. आमचा पहिला प्रयोग शेतातील काळ्या मातीचा. थापताना ती लोण्यासारखी वाटली. चार दिवसांनी भिंतीवर आटलेल्या तळ्याचा तळ उमटला. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसते, हे शेजारच्या शेतकऱ्यास ठाऊक होते. पुस्तके वाचणाऱ्या आम्हांस नव्हते. पूर्वजांनी शेतास ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेस ‘पांढरी’ म्हटले, ते उगीच नव्हे. मग आम्ही भिंतीवर हातभर चौकोन आखले आणि पांढरी माती, ओढ्याची चाळलेली वाळू व गव्हाचे कुटार निरनिराळ्या प्रमाणांत लावून पाहिले. वाळू अधिक तेथे तळहाताला कण लागले. कमी तेथे भेगा पडल्या. एक भाग माती, दोन भाग वाळू आणि आठ दिवस भिजविलेले कुटार, हा चौकोन तेवढा टिकला. दुसऱ्या गावी हे प्रमाण बदलेल. म्हणून पोत्यांतून विकत मिळणाऱ्या तयार ‘नैसर्गिक’ गिलाव्याचाही आम्हांस मोह नाही.

वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. तेथील वाकाटक राजा हरिषेण याच्या काळी, पाचव्या शतकात, अजिंठ्याची कित्येक लेणी सजली. तेथील जगद्विख्यात चित्रे माती, भुसा आणि वनस्पतींचे तंतू यांच्या गिलाव्यावरच आहेत. त्यास कोणी कच्चे म्हणेल काय? लेण्यांत पाऊस लागत नाही, हे खरे. म्हणूनच मातीच्या घरास उंच दगडी जोते आणि रुंद वळचण हवी. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेच्या व्याख्येतही वाजवी देखभालीने निदान ३० वर्षे टिकणे, हे पक्क्या घराचे लक्षण सांगितले आहे.

ही देखभाल करावी कोणी? खरा आक्षेप येथेच आहे आणि तो आम्हांस मान्य आहे. पावसाळ्यानंतर भिंती लिंपण्याचे, पोतारण्याचे कष्ट पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांनीच उपसले. त्यांपैकी कोणी सिमेंटची भिंत मागितली, तर ती चैन नव्हे, विश्रांतीची मागणी होय. तिला मातीची थोरवी ऐकविण्याचा अधिकार चिखलात हात न घालणाऱ्या पुरुषास नाही. आमच्या घरी दिवाळीपूर्वीचे लिंपण आता पुरुषांकडे आहे. पहिल्या वर्षी ते ओबडधोबड झाले. कच्ची होती ती माती नव्हे. आमचे हात कच्चे होते.