शोधखिडकीतला ताप

पावसाळा सरत आला की आमच्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी वसाहतीत कूलरच्या टाक्या रिकाम्या करण्याची लगबग सुरू होते, आणि तरीही कुणाच्या ना कुणाच्या घरी ताप येतोच. मग थर्मामीटरच्या आधी मोबाइल हातात येतो. डेंग्यूची लक्षणे, प्लेटलेट किती हव्यात, पपईच्या पानांचा रस... प्रश्न ठरलेले असतात. लाखोंचे हे प्रश्न मोजले तर रुग्णालयांच्या अहवालांआधीच साथ कळेल, ही कल्पना मोहक खरी. गूगलने ती २००८ मध्ये अमेरिकेत फ्लूसाठी आणि २०११ मध्ये डेंग्यूसाठी राबवली. डेंग्यूच्या पहिल्या पाच देशांत भारतही होता.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातली मेख लवकर दिसते. असे शोध आजाराइतकीच काळजीही मोजतात. ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातील पहिला मृत्यू झाला. त्यानंतर नायडू रुग्णालयासमोर रांगा लावणाऱ्यांत आजारी किती आणि घाबरलेले किती, हे कोणता संगणक सांगणार होता? अमेरिकेतही २०१२-१३ च्या हिवाळ्यात गूगलचा अंदाज सरकारी नोंदींच्या जवळजवळ दुप्पट निघाला. २०१५ मध्ये हे अंदाज प्रसिद्ध करणे थांबले. त्याच वर्षी दिल्लीत डेंग्यूचे १५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. रुग्णसंख्येत १९९६ ची साथही मागे पडली.

पण आम्हा सरकारी मंडळींनी यावर हसू नये. आमच्या जिन्यातल्या एका मुलाला खासगी प्रयोगशाळेच्या झटपट किटने डेंग्यू ठरवला. तो बराही झाला. राष्ट्रीय निकषांप्रमाणे एलायझा चाचणीशिवाय रुग्ण पक्का धरत नाहीत, त्यामुळे पक्क्या रुग्णांच्या तक्त्यात तो नाही. त्याच्या आईने रात्रभर विचारलेले प्रश्न मात्र गूगलकडे जमा आहेत.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचे तसे नाही. मुलाला ताप आला की त्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला विचारतात, आणि त्या प्रश्नाची नोंद कुठेच होत नाही. शोधांच्या आलेखावरून धुराची गाडी पाठवायची ठरली, तर ती आधी आमच्या दारात येईल.

माझ्या मते शोधांची वाढ दिसताच पालिकेने डासांच्या अळ्या तपासणारे कर्मचारी त्या भागात पाठवावेत, एवढाच तिचा उपयोग करावा. निधी आणि फवारणीची वाटणी तिच्यावरून करू नये. २००४ पासून देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण आहे. त्यात खासगी दवाखान्यांतील तापाचे रुग्ण आणि औषधवाल्यांकडील चौकशी रोजच्या रोज आणणे कष्टाचे आहे. पैसा आणि माणसे आधी तिथे लावावीत.