विश्लेषण : सॉफ्टवेअरच्या मदतपानांत चित्रे हवीत, पण कशी?

संख्याशास्त्रात जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘आर’ या मुक्त प्रणालीची हजारो पॅकेजेस उपलब्ध आहेत. त्यांच्या ऑनलाइन माहितीपुस्तिकांत चित्रे घालता येतात. मात्र ती घालताना काळजी घेतली नाही, तर काही वाचक वंचित राहतात.

चित्र कुठे ठेवतात?
‘मॅन’ फोल्डरमधील ‘फिगर्स’ या उपफोल्डरमध्ये. मदतीच्या मजकुरात फाइलचे नाव आणि पर्यायी वर्णन लिहिले, की ब्राउझर व पीडीएफमध्ये चित्र दिसते.

वर्णन कशासाठी?
हीच मदत साध्या मजकूर स्वरूपातही वाचली जाते. तिथे चित्र उमटत नाही, वर्णन दिसते. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला ‘आलेख १’ एवढेच ऐकू आले, तर काहीच कळत नाही. ‘पावसाबरोबर उत्पादन वाढले, नंतर घसरले’ असे लिहिल्यास आलेखाचा अर्थ पोहोचतो.

आकाराचे बंधन का?
पॅकेजांचे भांडार असलेले ‘क्रॅन’ दस्तावेज साधारणपणे ५ एमबीच्या आत ठेवण्यास सांगते. मोठी चित्रे मोबाइल डेटाही खातात.

स्क्रीनशॉट किती?
मोजकेच. आवृत्ती बदलली की ते जुने होतात. आज्ञा आणि त्रुटीसंदेश मजकुरातच द्यावेत. ते शोधता आणि कॉपी करता येतात.

भारतात महत्त्व काय?
सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सुलभता हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. प्रकरण ई-केवायसीचे होते; तरी पर्यायी वर्णनाची एक ओळ ही यापुढे केवळ सौजन्याची बाब समजता येणार नाही.